सापाला खायला घालायची वेळ आली की तुम्हाला नेमकं काय होतं?

पानगळ (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. माझ्याकडे बॉल पायथन आहे, अजगराची छोटी जात, मादी, साधारण 14 महिन्यांची, नाव भुरी. घरी येऊन सात महिने झाले. बाकी सगळं आता जमतं, टँक साफ करणं, डोळे दुधाळ झाले की कात टाकेपर्यंत तिला हात न लावणं, बाहेर काढून खांद्यावर घेणं, सगळं. फक्त खायला घालायचा दिवस उजाडला की सकाळपासून पोटात गोळा येतो.

फ्रोजन उंदीर मी आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवते आणि संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात. तो मऊ व्हायला लागला की मिशा दिसतात, ते गुलाबी पंजे दिसतात आणि दर वेळी मी एकदा तरी मनात त्याला सॉरी म्हणते. मग चिमट्यात धरून टँकपाशी नेते तेव्हा ती कणव कुठच्या कुठे जाते आणि भीती येते, कारण भुरी मान आखडून, तिची घडी घालून बसलेली असते, जीभ लपलप, आणि तिने झडप घातली की मी दचकते, माहीत असून दचकते. आणि यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. तिने गिळायला सुरुवात केली की मला इतकं बरं वाटतं, पोरानं पोटभर जेवल्यावर वाटावं तसं. ज्याला मघाशी सॉरी म्हटलं त्याचीच शेपटी तिच्या तोंडात जाताना बघून मला बरं वाटतं. मग रात्री झोप येत नाही.

आणि आता गेले पाच आठवडे ती काही खातच नाहीये. तीन उंदीर टाकून द्यावे लागले. प्रत्येक वेळी कचऱ्याची पिशवी बांधताना रडू आलं.

तर विचारायचंय की हे तुम्हालाही होतं का, आणि पुढे कमी होतं का?


काठावरचा

होतं. माझा तर पहिलं वर्षभर चिमटा धरलेला हात थरथरायचा. आता थरथरत नाही पण त्या दिवशी मी दुसरं कुठलंही काम ठरवत नाही, अजूनही.


अर्धविराम

पानगळ, कचऱ्याची पिशवी बांधतानाचं वाक्य वाचून थांबलो. माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे, 9 वर्षं झाली. तो गिळतो ते बघायचं मला आता काही वाटत नाही असं मी लोकांना सांगतो आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण न खाल्लेला उंदीर टाकायची वेळ आली की अजूनही तसंच होतं. एक जीव गेला आणि कुणाच्या पोटातही गेला नाही. बाकीच्या वाईट वाटण्याला मी मनाशी उत्तर देऊ शकतो, की सापाला दुसरं काही चालतच नाही, तो पालेभाजी खाणारा प्राणी नाही, आणि त्याला आणायचं मी ठरवलं तेव्हाच हेही ठरलं होतं. वाया गेलेल्या उंदराला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी सगळी मेहनत तिथे करतो, की त्याने नाकारायचं कारण माझ्याकडून मिळू नये.

म्हणजे काय तर उंदीर पूर्ण वितळलाय का हे पोटापाशी दाबून बघायचं, मध्ये गोठलेला गाठीसारखा भाग राहिला तर तसा द्यायचा नाही. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आतून शिजतो, फुटूही शकतो. शेवटची दहा मिनिटं गरम पाण्यात, हाताला चांगला उबदार लागेल इतका, विशेषतः डोकं. बॉल पायथनला तर ओठांवरच्या खळग्यांतून उष्णता दिसते, गार उंदीर तिच्यासाठी नुसती वस्तू आहे. पुसून कोरडा करायचा. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही. आणि आकार तिच्या शरीराच्या सगळ्यात जाड भागाएवढा, मोठा देऊन कौतुक करू नये.

आधी एक सांग, टँकच्या उबदार बाजूचं तापमान किती आहे आणि वजन शेवटचं कधी केलंस?


दुपारचं_ऊन

मी इथे फार लिहीत नाही पण या विषयावर लिहावंसं वाटलं. साप माझा नाही. मुलाचा. तो शिकायला बाहेर गेला आणि हॉस्टेलमध्ये साप चालत नाही म्हणून गेली दोन वर्षं तो माझ्याकडे आहे, कॉर्न स्नेकच आहे, नारिंगी. मुलाने जाताना चार पानं लिहून दिली होती, कुठल्या दिवशी काय. मी आयुष्यात मेलेली पाल उचलली नव्हती. पहिल्यांदा फ्रीजरमधला तो डबा उघडला तेव्हा ओट्यापाशी खाली बसले आणि मुलाला फोन केला, तो म्हणाला आई नको करूस, मी कुणाला तरी पाठवतो. का कोण जाणे पण ते ऐकून मला राग आला आणि मी फोन ठेवला आणि केलं.

डोळे मिटून केलं. चिमटा आत धरला आणि दुसरीकडे बघत उभी राहिले आणि मग हाताला एकदम झटका लागला आणि चिमटा हलका झाला. त्या हलकं होण्याची आठवण माझ्या हातात अजून आहे. नंतर हळूहळू एक डोळा उघडायला लागले. आता पूर्ण बघते. तो किती सावकाश करतो सगळं, आधी नुसता वास घेत फिरतो, डोकं कुठे आहे ते शोधतो, मग तोंड लावतो. मुलगा लहानपणी घास तोंडात धरून बसायचा, मला नेमकं तेच आठवतं त्या वेळी, आणि मग मी मुलाला फोटो पाठवते. उंदराचा नाही, जेवण झाल्यावर तो दोन-तीनदा जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो त्याचा. दर दहा दिवसांनी आम्ही या निमित्ताने बोलतो.

पण पानगळ ताई, ते सॉरी म्हणायचं थांबवू नका असं मला वाटतं.


मृगजळ_७

दुपारचं_ऊन, ते जांभईसारखं दिसतं ते जबड्याची हाडं जागेवर बसवणं असतं. लोक म्हणतात साप जबडा निखळवतो, तसं नाही. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे एकमेकांना हाडाने जोडलेलेच नसतात, मध्ये ताणला जाणारा अस्थिबंध असतो, आणि मागे एक लांब हाड बिजागरीसारखं. त्यामुळे डावी बाजू पुढे सरकते, मग उजवी, मग डावी, असं तो भक्ष्यावरून चालत गेल्यासारखा पुढे जातो. आणि डोकं आधी शोधतो कारण तसं गिळलं की पाय आणि केस मागे दुमडले जातात, अडकत नाहीत. तोंड पूर्ण भरलेलं असताना श्वासनलिकेचं टोक तोंडाच्या तळाशी पुढे काढून श्वास घेतो, पुढच्या वेळी नीट बघा, खालच्या ओठाच्या कडेला छोटी नळी दिसेल. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं त्याला काही तरी झालं, रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन केला होता.


पानगळ

सगळ्यांचे आभार, खरंच. मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल एवढं होतं तर पाळायचाच कशाला.

अर्धविराम, थर्मामीटर 27 दाखवतो. काचेवर चिकटवलेला आहे, गोल. वजन किचनच्या काट्यावर करते, घरी आली तेव्हा 410 ग्रॅम होती, खाणं थांबलं तेव्हा 640, काल 632.


अर्धविराम

आठ ग्रॅम म्हणजे काहीच नाही. वजन दहा टक्क्यांनी उतरलं किंवा तोंडात चिकट लाळ, श्वासाचा आवाज असं काही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जायचं, तोवर घाबरू नकोस. बॉल पायथन महिनोन्महिने खात नाहीत आणि ठणठणीत असतात, या जातीचा तो स्वभावच आहे.

पण 27 कमी आहे. आणि काचेवरचा तो गोल थर्मामीटर काचेपाशीच्या हवेचं तापमान सांगतो, ती बसते तिथलं नाही. वायरवाला डिजिटल घे, त्याचं टोक उबदार बाजूच्या लपायच्या जागेत ठेव, तिथे 31 ते 33 यायला हवं, गार बाजू 25-26 चालेल. थर्मोस्टॅट लावलेला असायलाच हवा. शरीर गार असेल तर तिला पचवता येत नाही, आणि नाकारलं नसतं तर उलटी झाली असती, ते जास्त वाईट.


काठावरचा

आणि लपायच्या जागा किती आहेत? मी सुरुवातीला एकच ठेवली होती, बाकी टँक मोकळा, मला माझी सापीण दिसावी म्हणून. तिने दोन महिने काही खाल्लं नाही. दोन्ही बाजूंना एकेक घट्ट जागा ठेवली, मध्ये पानं भरली, तीन बाजूंनी काळा कागद लावला, मग खाल्लं. मला ती दिसत नाही आता फारशी. तिला ते हवं होतं.


रात्रकिडा

मी वेगळं लिहिणार आहे, राग येईल काही जणांना, येऊ दे, पण लपवून काय करू.

मी पहिली चार वर्षं जिवंत उंदीर द्यायचो. माझं म्हणणं असायचं की हेच नैसर्गिक, साप शिकारी आहे, त्याची शिकार आपण का काढून घ्यायची. खरं सांगायचं तर मला ते बघायला आवडायचंही, मित्र यायचे त्या दिवशी, आम्ही टँकपुढे बसायचो. एका रात्री माझ्या बोआ सापाने लगेच पकडला नाही म्हणून मी उंदीर आतच ठेवून झोपलो. सकाळी उंदीर कोपऱ्यात होता आणि बोआच्या पाठीवर तीन ठिकाणी मांस दिसत होतं. तो प्रतिकार करत नाही हो, भूक नसलेला साप नुसता पडून राहतो आणि उंदीर कुरतडत राहतो. उंदराचाही दोष नाही, त्याला रात्रभर कोंडून ठेवला होता, खायला नाही, प्यायला नाही, समोर साप. टाके, इंजेक्शनं, पाच महिने. व्रण अजून आहेत आणि प्रत्येक कातीवर ते उमटतात, मी प्रत्येक कात उलगडून बघतो.

तेव्हापासून फ्रोजन. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली की जिवंत देताना मला कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण तिथे मी प्रेक्षक होतो. आता मेलेला उंदीर हातात घेऊन गरम करतो तेव्हा वाटतं. पानगळ, तुझ्या पोटातला गोळा मला चार वर्षं यायला हवा होता.


झिपरी_वाट

रात्रकिडा, लिहिलंत ते बरं केलं. पण जिवंत देणारा प्रत्येक जण तमाशा बघायला देतो असं नाही, एवढंच नोंदवते. माझ्या किंगस्नेकचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यापासून सात आठवडे काहीच घेत नव्हतं, फ्रोजन पिंकी (म्हणजे उंदराचं केस न आलेलं नवजात पिल्लू), डोक्याला चीर दिलेली पिंकी, पालीचा वास लावलेली पिंकी, सगळं झालं. काडीसारखं झालं होतं. शेवटी एक जिवंत पिंकी दिली, डोळे न उघडलेली. दिली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्याने खाल्ली. पुढच्या वेळी फ्रोजनही घेतली आणि आज तीन वर्षं फ्रोजनवरच आहे. मी ते परत करेन का, हो, पिल्लू मरत असेल तर करेन. पण ते मला नैसर्गिक वगैरे वाटलं नाही, त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं.


रात्रकिडा

झिपरी_वाट, तुमचं मान्य. मी माझ्यापुरतं बोललो, माझ्याकडे तसं कारण नव्हतं.


उंबरठा

मी दोन्ही बाजूंची आहे. लहानपणापासून पाळीव उंदीर होते माझ्याकडे, नावं ठेवलेले, हाक मारली की येणारे, खांद्यावर झोपणारे. ज्यांनी पाळलेत त्यांना माहीत आहे की ते हुशारीत आणि मायेत कुठे कमी नसतात. आणि सापही मला तितकेच आवडतात, नववीपासून. बरीच वर्षं वाटायचं की मला साप पाळता येणारच नाही.

शेवटी मी अंडी खाणारा आफ्रिकन साप घेतला. तो पक्ष्यांची अंडी सोडून आयुष्यभर दुसरं काही खात नाही. दात जवळपास नाहीतच, अंडं अख्खं गिळतो, मग मानेत आतून मणक्यांची टोकं असतात त्यांवर ते चिरतं, आतलं सगळं पोटात जातं आणि चपटं झालेलं कवच तो बाहेर टाकतो, होडीसारखं दिसतं. मी ती कवचं जपून ठेवते. पण सांगते की ही काही सगळ्यांसाठी पळवाट नाही, लहान सापाला अगदी छोटी अंडी लागतात, ती वर्षभर ताजी मिळतील याची खात्री नसेल तर घेऊ नका, उपासमार होते.

पानगळ, माझं मत थोडं कडक आहे. वाईट वाटतं एवढ्याने उंदराला काही फरक पडत नाही. तो कसा वाढवला गेला आणि कसा मारला गेला याने पडतो. तुम्ही आणता तिथे विचारा, दाटीवाटीत ठेवतात का, मारायला काय वापरतात. नीट चालवणारे लोक कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढवत बेशुद्ध करतात. जे सांगायला टाळतात त्यांच्याकडून मी माझ्या मैत्रिणीलाही आणू देत नाही.


पानगळ

उंबरठा, हे मी कधीच विचारलं नव्हतं. सात महिने सॉरी म्हणत होते आणि हे विचारलं नव्हतं. उद्या विचारते.


मृगजळ_७

भीतीच्या भागावर कुणी बोललं नाही म्हणून. झडपेची भीती मला बरीच वर्षं होती आणि ती अर्धी कमी झाली ती विळख्याबद्दल वाचल्यावर. मला वाटायचं तो भक्ष्याचा श्वास कोंडतो, मिनिटं लागत असतील. 2015 मध्ये अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक यांच्या टीमने बोआ आणि बेशुद्ध केलेले उंदीर घेऊन मोजलं, तर विळखा पडल्यावर काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं, श्वासाच्या खूप आधी. त्याच टीमने 2012 मध्ये मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवून दाखवलं होतं की बोआला विळख्यातून ठोके जाणवतात, ठोके चालू असेपर्यंत तो आवळत राहतो आणि थांबले की सोडतो. हे वाचल्यापासून मी फ्रोजन दिल्यावरही चिमट्याने उंदराची शेपटी दोन-तीनदा हलवतो, त्याला विळखा घालावासा वाटतो, व्यायाम होतो आणि काम केल्याचं समाधानही मिळत असावं, हे शेवटचं माझं मत.

आणि जेवणानंतर 48 तास हात लावू नका असं सगळे सांगतात ते उगाच नाही. बर्मी अजगराचं हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत 40 टक्क्यांपर्यंत वाढतं, 2005 मध्ये छापून आलंय. आपल्याला तो नुसता पडलेला दिसतो, आत त्याचं सगळं शरीर कामाला लागलेलं असतं.


काठावरचा

भीतीसाठी माझा उपाय, लांब चिमटा, किमान हातभर, आणि इतर दिवशी हात आत घालण्याआधी तिच्या अंगाला साप उचलायच्या हुकने हलकेच स्पर्श करायचा. काही आठवड्यांत तिला कळतं की स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही. उंदीर हाताळून त्याच हाताने तिला घ्यायचं नाही, वास लागतो. आणि साबणाने हात धुवायचेच, साल्मोनेलाचे जंतू गोठवून मरत नाहीत, उंदरांची भांडी पूर्ण वेगळी.

चावलीच तर ओढायचं नाही, दात मागे वळलेले असतात, हात फाटतो आणि तिचे दात तुटतात. गार पाण्याखाली धरायचं, सोडते.


दुपारचं_ऊन

मला एक कबूल करायचंय. मुलगा गेल्यावर पहिल्या वर्षी मी त्याला जास्त खायला घातलं. दहा दिवसांनी असताना सहा-सात दिवसांनी द्यायचे. तो काचेपाशी येऊन बघायचा आणि मला वाटायचं भूक लागली. मुलगा सुट्टीत आला आणि म्हणाला आई हा जाड झालाय, शेपटीजवळ वळ्या पडल्यात. डॉक्टरांनी सांगितलं की यकृताला त्रास होतो अशाने. मला इतकं लागलं ते, कारण मी प्रेमाने केलं होतं आणि त्यात उंदीरही जास्त गेले. आता कॅलेंडरवर खूण करते आणि तो काचेपाशी आला तरी नुसती त्याच्यासमोर बसते.


उंबरठा

मावशी, हे सगळ्यांचं होतं. खायला घालणं हीच एक गोष्ट आपण त्यांच्यासाठी करतो आणि ते आपल्याकडे येऊन घेतात, म्हणून ते परत परत करावंसं वाटतं.


पानगळ

अपडेट. डिजिटल थर्मामीटर आणला. उबदार बाजू खरी 26 निघाली, रात्री 24. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू, पोर थंडीत बसली होती आणि मी तिच्या नाकासमोर उंदीर नाचवत होते. थर्मोस्टॅट बिघडलेला होता, बदलला. दुसरी लपायची जागा ठेवली, मागे कागद लावला. आणि अर्धविराम म्हणाले नव्हते पण मी ठरवलं की आता तीन आठवडे काही दाखवायचंच नाही. ते तीन आठवडे सगळ्यात अवघड गेले.

जिथून आणायचे त्यांना विचारलं. त्यांनी विषय बदलला. दुसरीकडून आणले, त्यांनी सगळं दाखवलं, पिंजरे, गॅसची पेटी. पेटीपुढे मी जास्त वेळ थांबू शकले नाही पण बघितली.

काल रात्री दिलं. दिवे बंद करून, फक्त पलीकडच्या खोलीतला उजेड. उंदीर उबदार केला, नाकासमोर नाही, थोडा लांब धरला. सहा-सात मिनिटं ती नुसती बघत होती आणि माझा हात भरून आला. मग जीभ, मग मानेची घडी, आणि झडप. मी दचकलेच. विळखा घातला तिने, इतका घट्ट, मी शेपटी हलवली मृगजळ म्हणाले तशी, तिने आणखी आवळलं. मग डोकं शोधलं, गिळलं. ती नळी दिसली! मी जमिनीवर बसून पूर्ण 22 मिनिटं बघितलं आणि रडले, पण कुणासाठी ते मला सांगता येत नाही. त्याच्यासाठीही आणि तिच्यासाठीही.


काठावरचा

किती बरं वाटलं वाचून. आता दोन दिवस टँकपाशी जाऊ नकोस.


अर्धविराम

मस्त. वजन आठवड्याने कर, लगेच नाही. आणि पुढचं जेवण याच आकाराचं, भुकेली होती म्हणून मोठं नको.


दुपारचं_ऊन

ताई, फोटो टाका ना, जबडा बसवताना तोंड उघडते तो.


पानगळ

अंधारात हलला आहे मावशी, पण टाकते. एक विचारायचं राहिलं, गिळताना तिने पाण्याचं भांडं लवंडलंय आणि खालचं सगळं भिजलंय, ते आत्ता बदलू की दोन दिवस थांबू?


अर्धविराम

ती कुठल्या बाजूला आहे?


पानगळ

उबदार बाजूच्या लपायच्या जागेत, फक्त शेपटीचं टोक बाहेर आहे.


अर्धविराम

मग गार बाजूचं ओलं तेवढं हळूच काढ, भांडं भरून ठेव, तिची जागा उचलू नकोस. बाकीचं परवा.